चाळीस रुपयांचा आवाज

माझा आवाज मोठा आहे, हे आधीच सांगून ठेवतो. छत्तीस वर्षं मी शिरगोंडवाडीच्या बेदाणा बाजारात सौदे पुकारले. समोर दीड-दोनशे व्यापारी, प्रत्येकाच्या मुठीत बेदाण्याचा नमुना, प्रत्येकाचं शेजाऱ्याशी काहीतरी चाललेलं, आणि त्या गलक्यावरून माझा आवाज जायचा. माइक कधी हातात धरला नाही. गावातला बाळगोंडा मगदूम म्हणायचा, "भूपालअण्णा, तुम्ही पुकारायला लागला की तिकडं गोठ्यात माझी म्हैस पान्हा चोरती."

बायको राजमती माझ्या बरोब्बर उलट. कमी बोलणार, हळू बोलणार, आणि बोलणार ते माझ्या विरुद्ध. मी बाजार गाजवून घरी यायचो आणि ती एका वाक्यात माझी हवा काढायची. "छान. गावाला ऐकू गेलं, आता कोथिंबीर आणायला सांगितलेलं तेवढं ऐकू आलं का बघा." लग्नाला बेचाळीस वर्षं झाली. त्यातली चाळीस वर्षं मला वाटायचं, ही जरा कमी बोलली तर किती बरं होईल. माणसानं असलं काही मनातसुद्धा आणू नये.

पावणेदोन वर्षांपूर्वी तिला अर्धांगाचा झटका आला. हात सुधारला, पाय बराचसा सुधारला, पण बोलणं परत आलं नाही. डोक्यात शब्द सगळे शाबूत होते. जीभ आणि जबडा ते शब्द बाहेर टाकायला तयार नव्हते. ती बोलायला जायची आणि नुसता घोगरा आवाज निघायचा. मग ती तोंड मिटून घ्यायची आणि दुसरीकडं बघायची.

तेव्हा आमच्या लेकीनं, त्रिशलानं, तिला पट्टी आणून दिली. गळ्याला बांधायची, दोन बोटं रुंद. तोंडातून शब्द निघाला नाही तरी गळ्याचे, जबड्याचे स्नायू हलायचा प्रयत्न करतात. पट्टी ती बारीक हालचाल सेकंदाला हजारो वेळा टिपते, दूरचा संगणक त्यावरून बाई काय म्हणू बघतेय ते ओळखतो, आणि पट्टीतूनच तिच्या स्वतःच्या आवाजात बोलतो.

आता स्वतःचा आवाज म्हणजे कुठला? तो शिकवायला जुनी रेकॉर्डिंग लागतात. राजमतीचा आवाज सापडला तो फक्त माझ्या फोनवर, मला पाठवलेल्या ऑडिओ मेसेजमध्ये. अकरा वर्षांचे मेसेज, आणि एकूण एक बोलणी खाल्लेली. "अहो, कुठं आहात?" "अहो, गॅसवाला येऊन गेला, तुमचा पत्ता नाही." संगणक बिचारा तेवढ्यावरच शिकला. त्यामुळं पट्टी लावून ती "चहा छान झालाय" म्हणाली तरी ऐकणाऱ्याला वाटायचं, मी कप फोडला. पहिल्या दिवशी ती त्या सुरात "देवाची कृपा" म्हणाली आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडलो. खोटं कशाला बोलू?

पण हे सगळं महाग होतं. असा अंदाज बांधायला भारी संगणक लागतात, ते लांबच्या शहरात एका कंपनीचे, आणि ती मिनिटाचे पैसे घ्यायची. आम्हाला रोज अर्धा तास परवडायचा. वर आणखी एक अडचण. शब्द तिकडं जाऊन परत यायला क्षणभर उशीर झाला की स्वतःचंच बोलणं मागून कानावर येतं, आणि बोलणारा अडखळतो. राजमती अर्ध्या तासातली दहा मिनिटं अडखळण्यात घालवायची, उरलेल्यात मला हिशोबानं बोलणी द्यायची.

बाकीच्या वेळी आम्ही रुमालाखाली बोलायचो. माझे वडील गुळाच्या बाजारात होते. त्यांच्या काळात सौदे रुमालाखाली व्हायचे. दोघांचे हात रुमालाखाली, बोटं दाबून आकडा सांगायचा, तिसऱ्याला पत्ता लागू द्यायचा नाही. ठरलं की पूर्ण पंजा एकदा दाबून हात सोडायचा. हात सोडला नाही तर समजायचं, सौदा अजून चालू आहे. मी ते राजमतीला शिकवलं. एक बोट चहा, दोन बोटं गोळी, तीन म्हणजे टीव्ही बंद करा. चार म्हणजे तुम्ही गप्प बसा. चार फार वापरलं जायचं.

त्रिशला पुण्यात संगणकाच्या मोठ्या नोकरीत होती. ती सोडून गावी आली तेव्हा मी म्हटलं, "त्रिशे, इथं तू काय करणार? बेदाणे निवडणार?"

"अण्णा, बाजार उघडणार," ती म्हणाली.

तिनं आम्हा दोघांना गच्चीवर नेलं. चैत्रातली दुपार होती, पाय भाजत होते. गावाच्या प्रत्येक छपरावर, बेदाण्याच्या प्रत्येक शेडवर सौरपत्रे चमकत होते. "दुपारी एवढी वीज होते की घ्यायला कुणी नाही," ती म्हणाली. "वाया जाते. म्हणून गेल्या वर्षी गावानं प्रत्येक इन्व्हर्टरमध्ये एकेक गणनकार्ड बसवलं. एक कार्ड म्हणजे छोटा पण तगडा संगणक. गावात तीनशे आहेत. नुसती पडून आहेत. ज्याला संगणकाची ताकद हवी त्यानं वेबसाइटवर यायचं आणि पंधरा-पंधरा मिनिटांसाठी भाड्यानं घ्यायची. भाव लिलावानं ठरणार. द्राक्षबागांचं हवामान सांगणारे घेतील, ग्रामीण रुग्णालय स्कॅन वाचायला घेईल, पुण्याचे कार्टूनवाले घेतील. आणि आईला सहा कार्डं लागतात. तीही गावातच, हाकेच्या अंतरावर. उशीर नाही, अडखळणं नाही, आणि दिवसभर बोलता येईल."

दिवसभर! मी राजमतीकडं बघितलं. ती माझ्याकडंच बघत होती आणि डोळ्यांत हसू होतं. मला जरा धडकीही भरली, पण आनंदाची.

लिलाव कसा चालणार हे त्रिशलानं जेवताना समजावलं. आमच्यात दिवस मावळायच्या आत जेवण असतं, तेव्हा ऊन अजून ओट्यावर होतं.

"प्रत्येकानं आपला आकडा लिहायचा. कुणाला कुणाचा दिसणार नाही. तुमच्या रुमालासारखंच. सगळ्यात मोठ्या आकड्यांना तीनशे कार्डं वाटली जातील. पण पैसे कुणी स्वतःच्या आकड्याचे द्यायचे नाहीत. जो पहिला बाहेर राहिला, त्याचा आकडा तो सगळ्यांचा भाव."

"म्हणजे मी शंभर लिहिले, आणि बाहेर राहिलेल्यानं वीस, तर मी वीसच द्यायचे?"

"हो. त्यामुळं खोटं लिहून फायदा नाही. कमी लिहिलं तर उगाच बाहेर राहाल, जास्त लिहिलं तर नको त्या भावाला गळ्यात पडेल. खरं तेवढं लिहायचं. हे जुनं गणित आहे अण्णा, सिद्ध झालेलं. मात्र एक आहे. सगळ्यांनी खरं लिहिलं तरच भाव खरा."

मग आईच्या पट्टीचा आकडा किती टाकायचा, हे निघालं. मी म्हटलं, "कितीही! तिच्या आवाजाला मर्यादा कसली?"

"कितीही हा आकडा नसतो, अण्णा. तुमच्यासारखा आणखी एखादा भेटला तर दोन 'कितीही' एकमेकांवर चढतील आणि रुग्णालय बाहेर पडेल."

राजमतीनं पट्टी चालू केली. त्या दिवसाची अकरा मिनिटं शिल्लक होती. "चाळीस," ती म्हणाली. "कार्डामागं चाळीस रुपये. त्याच्यावर गेलं तर मी गप्प बसेन. माझ्यापायी कुणाचं अडायला नको."

"चाळीस? अगं, चाळीस रुपयांत आता वडापाव येत नाही!"

"वडापाव तुम्ही खाताय, डॉक्टरांनी नको म्हटलेला असताना. कळतं मला." पट्टी बंद. आकडा चाळीस ठरला. मी रागानं आमटी दोनदा वाढून घेतली.

मुहूर्त अक्षय्य तृतीयेचा धरला. आमच्यात हा मोठा दिवस. आदिनाथ भगवंतांनी वर्षभराचा उपवास उसाच्या रसानं सोडला तो हा दिवस, म्हणून घरोघरी रस. ठिकाण आमचाच बेदाण्याचा सौदे हॉल. कार्डधारकांच्या संघाचा अध्यक्ष बाळगोंडा मगदूम. त्यानं एक पाचर मारून ठेवली होती. बंगळुरूच्या एका कंपनीनं तीनशेच्या तीनशे कार्डं पाच वर्षांच्या कंत्राटावर मागितली होती. "त्रिशलाचा बाजार पहिल्या दिवशी नीट चालला तर ठीक," तो म्हणाला. "नाहीतर सही. गावाचं नुकसान करून चालत नाही अण्णा." कार्डं कंपनीकडं गेली की राजमती परत अर्ध्या तासावर. हे मला त्यानं सांगायची गरज नव्हती.

म्हणून आदल्या दिवशी मी कामाला लागलो. लेकीचा बाजार भरला पाहिजे! कार्डवाल्या प्रत्येक घराला वेबसाइटवर खातं मिळालं होतं, पण लोक बिचकत होते. मी कट्ट्यावर, दुधाच्या डेअरीत, बस्तीच्या दारात, सगळीकडं गेलो. बस्ती म्हणजे आमचं जैन मंदिर. "अरे, घाबरताय कशाला? उद्या मुहूर्त आहे, घसघशीत आकडा टाका. आपला आकडा आपण द्यायचाच नाही! पैसे बाहेर राहिलेल्याच्या आकड्याचे!" लोकांना पटलं. छत्तीस वर्षं त्यांनी माझ्या तोंडून भाव ऐकले होते, त्यांना पटणारच.

आणि त्याच दिवशी दुपारी, त्रिशला अंघोळीला गेल्याचं बघून, मी तिच्या संगणकावर राजमतीचा आकडा उघडला. चाळीस दिसले. मी चाळीस पुसले आणि नऊ दाबले. मग आणखी नऊ. चार वेळा दाबले. नऊ हजार नऊशे नव्याण्णव. म्हटलं, द्यायचे तर वीसच पडणार आहेत, पण बायको बाहेर राहायला नको. छत्तीस वर्षं मी व्यापाऱ्यांना सांगत आलो, की मनातला खरा भाव डळमळू देऊ नका. घरी मीच गडबडलो.

दुसऱ्या दिवशी हॉल गच्च भरला. बायका नव्या साड्यांत, दारात उसाचं गुऱ्हाळ, समोर भिंतीएवढा पडदा. दुसऱ्या रांगेत बंगळुरूच्या कंपनीचा माणूस, मांडीवर कातडी बॅग. स्टेजवर त्रिशला, मी आणि राजमती. अकरा वाजेपर्यंत कार्डं चाचणीसाठी मोफत चालू होती, त्यामुळं राजमती सकाळी सातपासून बोलत होती. चार तास सलग! माझं गंजीफ्रॉक, माझी दाढी, माझी बहीण, सगळं झालं होतं. मी इतक्या सुखात कधी बोलणी खाल्ली नव्हती.

त्रिशला माइकवर म्हणाली, "हा बाजार यंत्र चालवणार. मधेच कुणाचा हात लागणार नाही, माझासुद्धा नाही. पंधरा मिनिटांची एक फेरी. फेरी चालू असताना कुणीही आपला आकडा कमी करू शकतो. फेरी संपली की तेव्हाच्या भावानं पैसे कापले जातील." टाळ्या पडल्या. ठरलं होतं की अकराच्या ठोक्याला राजमती दोन शब्द बोलणार.

अकरा वाजले. राजमती उभी राहिली. माइक पट्टीजवळ धरला.

"माझ्या मुलीनं..." ती म्हणाली, आणि आवाज गेला.

तिचे ओठ हलत होते. पट्टीवरचा दिवा लाल झाला होता. सगळ्यांनी पडद्याकडं बघितलं. तिथं मोठ्या अक्षरांत भाव आला होता, एका कार्डाला एका फेरीचे एक्कावन्न हजार एक रुपये.

त्रिशला संगणकाकडं धावली. तिनं भराभर पानं उघडली. "अण्णा, हे काय आहे? एक लाख अकरा हजार एकशे अकरा. एक लाख अकरा हजार एकशे अकरा. तीनशेच्या वर आकडे, सगळे शकुनाचे! यांना संगणकाची गरज तरी आहे का? रुग्णालय बाहेर पडलंय, हवामानवाले बाहेर पडलेत, आई बाहेर पडलीय!"

मला मात्र कळलं होतं. आमच्या बस्तीत पूजेचा पहिला मान, पहिला अभिषेक कुणाचा, हे सवालानं ठरतं. तोही लिलावच, पण उलटा. बाजारात माणूस किलोला दोन रुपये वाचवायला घसा फोडतो. तोच माणूस बस्तीत सवालाला उभा राहिला की लाखाच्या खाली बोलत नाही, कारण तिथं जास्त देणं हीच शोभा. आणि बस्तीतले सवाल पुकारणारा कोण? मीच. अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त, भूपालअण्णाची लेक, आणि वर भूपालअण्णानं घरोघर सांगितलेलं, की आपला आकडा आपण द्यायचाच नाही. लोकांनी सौदा समजून काही लिहिलंच नव्हतं. त्यांनी माझ्या लेकीला सवाल घातला होता. प्रत्येकाला वाटलं, मान माझा, पैसे बाहेर राहिलेल्याचे. पण बाहेर राहिलेल्यानंही एक्कावन्न हजार एक लिहिले होते.

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. प्रत्येक जण फोनकडं बघत होता आणि फोन खिशात घालत होता. कुणी आकडा कमी करत नव्हतं. कसा करणार? सवालातून मागं फिरायचं म्हणजे चारचौघांत नाक कापून घ्यायचं. पाच मिनिटं गेली. कंपनीच्या माणसानं बॅगेची चेन उघडली. बाळगोंडा घाम पुसत माझ्याकडं बघत होता आणि मी त्याची नजर चुकवत होतो.

"अण्णा, मी बंद करते," त्रिशला माझ्या कानाशी म्हणाली. डोळे भरले होते. "एक बटण आहे. नाहीतर दहा मिनिटांत तीनशे घरांचे एक्कावन्न-एक्कावन्न हजार कापले जातील."

"बंद केलंस तर?"

"तर बाजार संपला. आत्ताच म्हटलंय, कुणाचा हात लागणार नाही. परत कोण विश्वास ठेवेल?"

तिनं बटणाकडं हात नेला आणि राजमतीनं तिचं मनगट धरलं. नुसतं धरलं, जोर नव्हता. मग माझ्याकडं बघितलं. माझा हात ओढून पदराखाली घेतला आणि बोटं दाबायला लागली. मला वाटलं, चार. चार म्हणजे गप्प बसा. पण तिनं एकच बोट दाबलं, मग दोन, मग तीन. चहा, गोळी, टीव्ही? भलत्या वेळी ही काय मागतेय? मग तिनं परत तेच केलं. एक. दोन. तीन. आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सवाल सोडताना मी काय म्हणतो? एक वार, दोन वार, तीन वार.

त्यांना मागं फिरता येत नव्हतं, कारण सवाल अजून सुटलाच नव्हता. तो सोडणारा माणूस स्टेजवर शुंभासारखा उभा होता.

मी माइक बाजूला सारला. पुढं आलो, कमरेवर हात ठेवले आणि पोटातून आवाज काढला. "ऐका! मुहूर्ताचा सवाल! आकडा एक लाख अकरा हजार एकशे अकरा! ए-क वार!"

हॉल दचकला. म्हातारे आपोआप ताठ बसले.

"दो-न वार! आणखी कुणाला चढायचंय का? नाही? ती-न वार! सवाल सुटला! हा मान सगळ्या कार्डधारकांच्या नावावर सुटला, एकेकाच्या नाही, सगळ्यांच्या! बोला, आदिनाथ भगवान की..."

"जय!" पत्रा हादरला.

"सवालाची रक्कम आत्ता इथंच फेडायची. प्रत्येकानं शेजाऱ्याला एक पेला उसाचा रस पाजायचा. फिटली! नाव झालं, मान मिळाला, आता आकडा खाली आणला तर कुणाची लाज जात नाही. सवाल संपला, सौदा सुरू. आणि काल मी घरोघरी सांगत फिरलो ते चूक होतं. आपला आकडा खोटा असला की दुसऱ्याचा गळा दाबला जातो. हे माझ्या लेकीनं मला सांगितलं होतं, माझ्या टाळक्यात शिरलं नाही. ज्याला संगणक नको त्यानं शून्य लिहायचं. ज्याला हवा त्यानं खरं लिहायचं."

चूक कबूल केली मी, भर सौदे हॉलमध्ये. तिथं छत्तीस वर्षांत असं घडलं नव्हतं.

आधी कुणी तरी हसलं. मग फोन निघाले. पडद्यावरचा भाव हलला. एक्कावन्न हजार एक, मग एकवीस हजार एक, मग अकरा हजार एक. तिथं अडकला. तीन मिनिटं उरली होती. "अजून कोण धरून बसलंय?" मी ओरडलो. बाळगोंडा छातीवर हात ठेवून म्हणाला, "अण्णा, मी अध्यक्ष आहे. मी सहा खाती उघडून अकरा हजार एकनं पन्नास-पन्नास कार्डं मागितलीत, संघाची शोभा म्हणून..." त्याच्या बायकोनं त्याच्या हातातला फोन हिसकावला. "शोभा पुरे! चष्मा द्या इकडं!" आणि तिनं भराभर शून्यं दाबली. तिच्या मागं बसलेल्या चार-सहा अध्यक्षछाप नवऱ्यांचे फोनही त्यांच्या बायकांनी काढून घेतले. भाव गडगडला. पाचशे, नव्वद, एकतीस. शेवटी अठरावर थांबला. अठरा रुपये. फेरी संपायला अजून चाळीस सेकंद होते.

राजमतीच्या पट्टीवरचा दिवा हिरवा झाला होता.

सगळा हॉल तिच्याकडं वळला. ती मात्र पट्टीसोबतच्या, मनगटावरच्या छोट्या पडद्याकडं बघत होती. तिथं दोनच ओळी असतात, आजचा भाव आणि आपला आकडा. तिनं सावकाश मान वर केली. मी एक पाऊल मागं सरकलो.

"अहो," ती माइकवर म्हणाली, "हे नऊ हजार नऊशे नव्याण्णव कुणी टाकले?"

हॉल असा हसला की दारातलं गुऱ्हाळ थांबवून लोक आत बघायला आले. मी कान पकडले.

"गावाला उपदेश करताय आणि घरात ही तऱ्हा! आधी चाळीस करा."

"अगं, अठराच पडतायत, राहू दे की..."

"चाळीस. माझ्यासमोर."

मी सगळ्यांच्या देखत तिच्या मनगटावरचे नऊ पुसले. चार दाबले, शून्य दाबलं. चाळीस म्हणजे कधीतरी एखाद्या वेळी ती परत गप्प होणार, हे मला त्या क्षणी दिसत होतं, आणि तिलाही दिसत होतं. पण तिनं मान डोलावली.

"आता माझं राहिलेलं," ती म्हणाली. "माझ्या मुलीनं फार चांगलं काम केलंय. मला तिचा अभिमान वाटतो." सूर तोच, फोडलेल्या कपाचा. ज्यांना माहीत नव्हतं त्यांना वाटलं असेल, बाई पोरीला झापतेय. त्रिशला आईच्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देत होती आणि राजमती त्याच सुरात म्हणत होती, "रडायला काय झालं? रस घे. गार आहे."

फेरी संपली. रुग्णालयाला कार्डं मिळाली, हवामानवाल्यांना मिळाली, बाळगोंडाला काहीच मिळालं नाही आणि तो खूष होता. कंपनीच्या माणसाला तीन जणांनी तीन पेले रस पाजला. तो म्हणाला, कंत्राटाचं परत कधी बघू. बाळगोंडा म्हणाला, "बघू की." आमच्याकडं 'बघू की' म्हणजे नाही.

त्या दिवशी राजमती दुपारभर बोलली. तिच्या बहिणीशी, शेजारणीशी, भाजीवालीशी. मला म्हणाली, "तुम्ही पुकारत होता तेव्हा तुमचा आवाज बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा कामाला आला." हे कौतुक होतं. मी ते पदरात पाडून घेतलं.

साडेपाचला ऊन उतरलं. छपरांवरची वीज कमी झाली की कार्डंही कमी चालतात, हे त्रिशलानं सांगितलं होतंच. आम्ही ओट्यावर जेवून बसलो होतो. राजमती मला सांगत होती, की तिच्या माहेरच्या चिंचेखाली लहानपणी त्या बहिणी-बहिणी कशा... आणि दिवा लाल झाला. मी तिच्या मनगटावर बघितलं. भाव सेहेचाळीस होता. त्रिशला आतून म्हणाली, "हमरस्त्यावर अपघात झालाय, रुग्णालयानं स्कॅनसाठी चाळीस कार्डं घेतलीत."

सहा रुपयांनी बाहेर होतो आम्ही. माझ्या हातात फोन होता. राजमतीनं तो बघितला. मी फोन उपडा घालून बाजूला ठेवला.

"चिंचेखाली काय?" मी विचारलं. "उद्या सांग. भर उन्हात सांग, तेव्हा स्वस्त असतं."

तिनं माझ्या खांद्यावरचा टॉवेल ओढून घेतला, आमच्या दोघांच्या हातांवर टाकला आणि त्याच्याखाली माझा हात धरला. मी वाट बघितली. एक बोट दाबेल, तर उठून चहा ठेवीन. दोन दाबेल, तर गोळी आणीन. तिनं पूर्ण पंजा दाबला. म्हणजे ठरलं. मी हात सोडवायला गेलो, कारण ठरलं की सोडायचा असतो, वडिलांनी तसंच शिकवलं होतं.

तिनं सोडला नाही. समोर रस्त्यावरून लोक चालले होते, कुणीतरी "जय जिनेंद्र अण्णा" म्हणालं, मी दुसऱ्या हातानं नमस्कार केला. दिवस पूर्ण मावळला तरी टॉवेलखाली सौदा चालूच होता.